उत्तर कोण देते? – विज्ञान संग्रहालयातील व्हिडिओ गेम

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले, की शहर संपता संपता वाडी लागते. ट्रान्सपोर्टची गोदामे, रस्त्याकडेला उभ्या ट्रकांच्या रांगा आणि त्यांच्यामागे दाटीने वाढलेली वस्ती. आमचे शालेय शिक्षण इथलेच. १९९०च्या दशकात वाडीत एका पानठेल्याला लागून असलेल्या खोलीत व्हिडिओ गेमच्या दोन पेट्या होत्या. रुपयाचे नाणे आत सरकवले, की पडदा उजळायचा. त्या खोलीत दिसलो, तर घरी आणि शाळेत दोन्हीकडे मार ठरलेला असे.

त्याच सुमारास, ७ मार्च १९९२ रोजी, नागपुरात गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र सुरू झाले. पुढे शाळेची सहल तिकडे गेली. हात लावू नका अशा पाट्या वाचायची सवय झालेल्या आम्हा मुलांना तिथे उलटाच अनुभव आला. हात लावा, फिरवा, ओढा, बटण दाबा! पानठेल्याशेजारच्या खोलीतही बटणे दाबायची आणि इथेही बटणे दाबायची. पण तिथे चोरून जायचे आणि इथे शाळाच हजेरी घेऊन नेते, याची तेव्हा आम्हाला मोठी गंमत वाटली होती. ही दोन ठिकाणे एक दिवस एकाच छपराखाली येतील, असे मात्र कुणी म्हटले असते तर पटले नसते.

आज ती आली आहेत. जगभरच्या विज्ञान संग्रहालयांत पडद्यावरचे खेळ आहेत आणि आपल्याकडेही त्यांची संख्या वाढते आहे. मुलांना ते आवडतात, रांगा लागतात, म्हणून संग्रहालये ते आणखी मांडतात. शाळांच्या सहली आपणच नेतो. तेव्हा या खेळांकडे नीट पाहणे आणि बरेवाईट ठरवणे, हे कामही आपलेच आहे. या लेखात तेवढेच करायचे आहे.

माकड, वेल आणि एक प्रश्न

काही दिवसांपूर्वी वाडीतील एका शाळेच्या नववीच्या मुलांबरोबर आम्ही एका विज्ञान संग्रहालयात गेलो होतो. संग्रहालयाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. असा पडदा इतरत्रही असू शकेल. लंबक शिकवण्यासाठी तिथे एक खेळ मांडला होता. वेलीला लटकलेले एक माकड ओढ्यावर झोके घेते. खाली एक मगर ठरावीक वेळाने तोंड उघडते. वेलीची लांबी, माकडाचे वजन आणि झोका कुठून सोडायचा तो कोन, या तीन गोष्टी खेळणाऱ्याने निवडायच्या. झोक्याचा काल मगरीच्या कालाशी जुळला, की माकड वाचते.

मुलांनी दहा मिनिटांत रहस्य शोधून काढले. वजन बदलून फरक पडत नाही, कोन बदलूनही पडत नाही, फक्त लांबी बदलायची. एका मुलाने कोन अगदी ६० अंशांवर नेला, तरी काल तोच राहिला. पडद्यावर 'शाब्बास!' अशी अक्षरे नाचली. बरोबरचे शिक्षक खूश झाले, कारण पुस्तकात आहे तेच मुलांनी खेळून शोधले होते. आम्हीही खूश झालो.

मागे उभी असलेली एक मुलगी मात्र खेळत नव्हती. ती म्हणाली, "सर, पण त्यायनं हे तसंच बनवलं असन तं?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. विज्ञान संग्रहालयात मांडतात म्हणजे तपासूनच मांडत असतील, असे काहीसे. बसमध्ये बसल्यावर लक्षात आले, की हे उत्तर विज्ञानाचे नव्हते. कुणी मोठ्याने सांगितले म्हणून खरे मानायचे, असेच आम्ही तिला सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत पुरावा उभा केला. वर्गाच्या दाराच्या चौकटीला खिळा ठोकला, एक मीटर नायलॉनचा दोरा बांधला आणि खाली एक मोठा नट. मोबाइलवर स्टॉपवॉच. आधी सुमारे १० अंशांवरून नट सोडला. दहा आंदोलनांना २० सेकंद लागले. मग कोनमापकावर ६० अंश पाहून सोडला. दहा आंदोलनांना २१ सेकंदांहून थोडे जास्त लागले. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून मुलांनी पाच वेळा करून पाहिले. प्रत्येक वेळी मोठा झोका लहान झोक्यापेक्षा हळूच निघाला.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला पडद्यातली नेमकी चूक ठाऊक नव्हती. पण तिने योग्य ठिकाणी बोट ठेवले होते.

लंबकाला पुस्तक ठाऊक नसते

झाले होते ते असे. लंबकाच्या आंदोलनकालाचे जे सूत्र आपण शिकवतो, त्यात लांबी आणि गुरुत्वत्वरण एवढेच असते, कोन नसतो. पण ते सूत्र लहान कोनांपुरते खरे आहे. १० अंशांपर्यंत चूक इतकी थोडी, की शाळेतल्या घड्याळाला ती दिसत नाही. कोन वाढला की ती वाढत जाते. ६० अंशांचा झोका कायम टिकला, तर काल सुमारे ७ टक्क्यांनी जास्त येतो. आमचा नट हवेच्या विरोधाने हळूहळू कमी झुलत गेला, म्हणून फरक थोडा कमी दिसला. खुद्द गॅलिलिओची समजूत अशी होती, की झोका लहान असो की मोठा, काल तोच. ही समजूत मोठ्या झोक्यांना लागू पडत नाही, हे डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी गणिताने दाखवले आणि १६७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, लंबक कोणत्या वक्रावर झुलवला म्हणजे काल खरोखर सारखा राहील, तेही सांगितले.

खेळ बनवणाऱ्याने लबाडी केली, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. त्याने पुस्तकातले सूत्र घेतले आणि प्रोग्रॅममध्ये लिहिले. मात्र ते सूत्र जिथे चालत नाही, त्या कोनापर्यंत मुलांना जाऊ दिले. मुलांनी प्रयोग म्हणून जे केले, तो निसर्गावरचा प्रयोग नव्हताच. ते एका माणसाने लिहिलेल्या ओळीवर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होते आणि ती ओळ त्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

खऱ्या लंबकाची गंमत हीच, की त्याला आपले पाठ्यपुस्तक ठाऊक नसते. तो कधी अडखळतो, हवेने मंदावतो, गोल फिरू लागतो. या सगळ्या त्रासातच पुस्तकाबाहेरचे काहीतरी हाती लागण्याची शक्यता असते. पडद्यावरच्या लंबकाकडून त्याच्या कर्त्याला माहीत असलेलेच तेवढे बाहेर येते.

मग विज्ञान संग्रहालयातून व्हिडिओ गेम हद्दपार करावेत काय? नाही. कारण व्हिडिओ गेमचा जन्मच मुळी अशा जागी झाला आहे.

जन्म प्रयोगशाळेतला

अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत वर्षातून काही दिवस सामान्य लोकांना आत सोडत. भिंतीवर तक्ते, टेबलांवर बंद यंत्रे, आणि पाहुणे जांभया देत पुढे सरकत. विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाला हे खटकले. ऑक्टोबर १९५८ मध्ये त्याने एक लहानसा अॅनालॉग संगणक ऑसिलोस्कोपला जोडला. पाच इंच व्यासाच्या पडद्यावर एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मधे छोटी उभी रेघ म्हणजे जाळी आणि एक ठिपका म्हणजे चेंडू. दोघांनी दोन खोकी हातात घ्यायची, चकती फिरवून कोन ठरवायचा, बटण दाबून चेंडू टोलवायचा. संगणकाबरोबर आलेल्या पुस्तिकेत क्षेपणास्त्राचा आणि उसळत्या चेंडूचा मार्ग काढायची रीत दिलेली होती. त्यावरूनच त्याला ही कल्पना सुचली. शेकडो लोक रांगेत उभे राहिले.

त्याने पुढे केले ते आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. १९५९ साली त्याने पडदा मोठा केला आणि गुरुत्वाकर्षण बदलण्याची सोय ठेवली. चंद्रावर टेनिस खेळा, गुरू ग्रहावर खेळा! चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, गुरूवर सुमारे अडीच पट. तोच चेंडू, तोच हात, पण एका आकड्याने सगळा खेळ बदलतो. इथे पडद्याने खऱ्या वस्तूची जागा बळकावलेली नाही. गुरूवरचे टेनिस टेबलावर मांडता येत नाही. आणि बदलतो आहे तो आकडा खेळणाऱ्याला माहीत आहे. चांगल्या विज्ञानखेळाची दोन्ही लक्षणे पहिल्याच खेळात आली होती. नंतर तो खेळ मोडून त्याचे भाग दुसऱ्या कामाला लावले गेले.

१९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या तरुणांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. दोन याने, मधे एक तारा. ताऱ्याचे आकर्षण यानांना ओढते. इंजिन बंद केले तरी यान थांबत नाही, आहे त्या वेगाने जात राहते. पुढच्या काळात बाजारात आलेल्या कितीतरी खेळांत बटण सोडले, की यान जागच्या जागी थांबते. म्हणजे बल नसेल तर गती नाही! हे न्यूटनचे नव्हे, अॅरिस्टॉटलचे भौतिकशास्त्र झाले. नववीत न्यूटनचा पहिला नियम शिकवताना मुलांच्या मनात हाच अडसर असतो. ज्या खेळात यान थांबत नाही, तो खेळ या अडसरावर चांगले औषध आहे, कारण घर्षणाच्या या जगात वर्गात तसे सहज दाखवता येत नाही.

मात्र 'स्पेसवॉर'मध्येही एक खोटे आहे. यानांना तारा ओढतो, पण त्यांनी सोडलेल्या टॉर्पेडोंना ओढत नाही. त्या संगणकाला सगळ्यांचे गणित वेळेत करणे झेपत नव्हते, म्हणून टॉर्पेडोंना सूट दिली गेली. कॅलिफोर्नियातील कम्प्यूटर हिस्टरी म्युझियमने एक पीडीपी-१ दुरुस्त करून चालू केला आहे आणि त्यावर हा खेळ दाखवतात. तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला 'यात खोटे काय आहे ते शोध' असे सांगितले, तर केवढा धडा होईल!

काचेआडचा खेळ

संग्रहालयात व्हिडिओ गेम आणखी एका नात्याने येतो, तो म्हणजे जपून ठेवण्याची वस्तू म्हणून. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने नोव्हेंबर २०१२ मध्ये १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतल्याचे जाहीर केले. त्यात 'पॅक-मॅन', 'टेट्रिस', 'सिमसिटी २०००' असे खेळ होते. चित्रे आणि शिल्पे असलेल्या घरात हे कशाला, म्हणून टीका झाली. संग्रहालयाचे म्हणणे असे, की यात रचना आहे आणि माणसाने तिच्याशी कसे वागावे याचा विचार आहे.

आम्हाला यात गैर काही वाटत नाही. आपल्याकडचे जुने मोक्षपट पाहा. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण आणि वर मोक्ष. पट नुसता पाहिला तर ते एक चित्र आहे. फासे टाकून खेळलो, तर कळते की करणाऱ्याला जग कसे दिसत होते. खेळाचे नियम म्हणजे कर्त्याचे जगाविषयीचे मत. हे सापशिडीला लागू आहे तसेच 'सिमसिटी'लाही लागू आहे. त्यात कर किती वाढवला की लोक शहर सोडतात, हे कुणीतरी ठरवलेले असते. म्हणून कलेच्या किंवा इतिहासाच्या संग्रहालयात खेळ ठेवावा आणि जमेल तर खेळूही द्यावा.

विज्ञान केंद्रात मात्र तोच खेळ आला, की त्याची जबाबदारी बदलते. कला संग्रहालयात पाहणारा म्हणतो, "यांना जग असे दिसले." विज्ञान केंद्रात मूल म्हणते, "जग असे आहे." या एका फरकामुळे आम्ही कसोटी कडक लावतो.

तीन पडदे

आजवर पाहिलेल्या खेळांची आम्ही मनाशी तीन गटांत वाटणी केली आहे.

पहिला गट प्रश्नमंजूषेचा. फुगा फोडा, गाडी पळवा, पण त्यासाठी 'सर्वांत मोठा ग्रह कोणता?' याचे उत्तर द्या. हा खेळ नव्हे, रंगीत कपडे घातलेली परीक्षा आहे. ज्याला उत्तर येते तो जिंकतो, ज्याला येत नाही तो अंदाजाने चार बटणे दाबतो. दोघेही आले तसेच परत जातात. याला संग्रहालयापर्यंत जाण्याची गरज नाही, एस.टी.च्या प्रवासात तोंडी खेळता येतो.

दुसरा गट नक्कल करणाऱ्यांचा. लंबक, भिंग, लोहचुंबक, तराजू, या गोष्टी चार पैशांत टेबलावर मांडता येतात. त्यांच्या जागी त्यांचे चित्र पडद्यावर मांडायचे. आमचा खरा आक्षेप या गटाला आहे. मुले हातात भिंग धरत नाहीत, तर भिंगाचे चित्र सरकवतात. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगपेट्या, काड्या आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांतून जे उभे केले, ते पाहिल्यावर पडद्यावरच्या भिंगावर खर्च का करावा, हा प्रश्न पडतोच.

तिसरा गट अशा खेळांचा, ज्यात जे दाखवायचे ते टेबलावर मावत नाही. ग्रहांच्या कक्षा, लाखो वर्षांची उत्क्रांती, साथीचा फैलाव, नदीचा पूर, रेणूंची घडण. इथे पडदा उपकार करतो. अट एवढीच, की नियम कोणते ते लिहिलेले असावे आणि ते बदलून पाहता यावेत.

या गटातले एक उदाहरण तर थक्क करणारे आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००८ साली 'फोल्डइट' हा खेळ लोकांसमोर ठेवला. पडद्यावर प्रथिनाची साखळी दिसते. ती अशी दुमडायची, की कमीत कमी ऊर्जेची घडी व्हावी. माकडांमध्ये एड्ससारखा रोग निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना संशोधकांना दहाहून अधिक वर्षे सुटत नव्हती. खेळाडूंनी २०११ साली काही आठवड्यांतच तिचा चांगला नमुना तयार केला, आणि खेळाडूंतले बहुतेक जण या विषयातले तज्ज्ञ नव्हते. पण लक्षात घ्या, गुण मिळाले म्हणून उत्तर बरोबर ठरले नाही. क्ष-किरणांनी मिळवलेल्या प्रत्यक्ष नोंदींशी तो नमुना जुळला, तेव्हा बरोबर ठरला. खेळाने सुचवले आणि निसर्गाने होकार दिला. पंच कोण, हे तिथे स्पष्ट होते.

दुसरी बाजू

संग्रहालय चालवणारे यावर काय म्हणतील, तेही ऐकले पाहिजे. आमचे एक स्नेही अशा कामात आहेत. त्यांचे म्हणणे, "सहलीच्या दिवसांत एका दिवसात अनेक शाळा येतात. दोरा तुटतो, भिंग फुटते, चुंबक खिशातून जातो. दुरुस्तीला माणूस नसतो. पडदा निदान चालू राहतो, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत बोलतो." यात तथ्य आहे. 'बंद आहे' अशी पाटी लावलेला खरा लंबक चालू पडद्यापेक्षा चांगला, असे आम्ही म्हणणार नाही. पण दोरा तुटतो म्हणून दोऱ्याचे चित्र लावायचे, की दोरा बांधणारा माणूस नेमायचा, हा प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट अशी, की खरी वस्तू ठेवली म्हणजे शिकणे आपोआप घडते, हेही खरे नाही. काचेच्या पेटीत एक यंत्र, बाहेर एक लाल बटण. मुले धावत येतात, दाबतात, चाक फिरते, पुढच्या बटणाकडे पळतात. यापेक्षा गुरूवरचे टेनिस कितीतरी बरे. सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ साली 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू करणारे फ्रँक ओपनहायमर हे भौतिकशास्त्रज्ञ होते, पण मधल्या काळात त्यांनी कोलोरॅडोतील एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवले होते. पाहणाऱ्याला वस्तूशी खेळता आले पाहिजे, तिच्यात फेरफार करून काय होते ते पाहता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ही कसोटी लोखंडी यंत्राला जशी लागू, तशीच पडद्यालाही लागू.

म्हणून सहल नेताना कोणत्याही पडद्यापुढे तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. या खेळाचा नियम काय आणि तो कुठे लिहिला आहे? तो मला बदलता येतो का? ही वस्तू खरीखुरी इथे ठेवता आली नसती का? मुलांनाही हे प्रश्न आधीच वहीत लिहून द्यावेत. दोन तासांच्या सहलीत चाळीस गोष्टींना हात लावण्यापेक्षा चार गोष्टींना हे प्रश्न विचारले, तर काहीतरी पदरात पडेल.

वर्गात उतरवा यान

नियम उघडे ठेवून खेळ करायचा, तर वीजही लागत नाही. अपोलो-११ जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरले. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेतील लेक्सिंग्टन या गावच्या हायस्कुलातील जिम स्टोरर या विद्यार्थ्याने शाळेच्या संगणकावर चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ लिहिला. त्यात चित्रे नव्हती. संगणक उंची, वेग आणि उरलेले इंधन छापत असे आणि खेळणारा किती इंधन जाळायचे तो आकडा टाकत असे. पुढे याच कल्पनेवर कितीतरी खेळ निघाले.

तो खेळ वहीत असा खेळता येईल. यान १०० मीटर उंचीवर आहे, खाली येण्याचा वेग सेकंदाला १० मीटर. इंधन म्हणून ४० चिंचोके घ्या. प्रत्येक डाव म्हणजे एक सेकंद. प्रत्येक डावात चंद्राच्या ओढीने वेग २ ने वाढतो, आणि जितके चिंचोके खर्च कराल तितक्याने कमी होतो. एका डावात जास्तीत जास्त ५ चिंचोके. नवा वेग काढा, तो उंचीतून वजा करा, पुढचा डाव. उंची शून्य होताना किंवा त्याखाली जाताना वेग २ किंवा त्याहून कमी असेल, तर यान सुखरूप उतरले. जास्त असेल तर आपटले.

समजा, पहिल्या डावात एकही चिंचोका वापरला नाही. वेग १२, उंची ८८. दुसऱ्यातही नाही, तर वेग १४, उंची ७४. मुले सुरुवातीला घाबरून लगेच इंधन जाळतात आणि जमिनीजवळ येईपर्यंत रिकामी होतात. काही जण शेवटपर्यंत थांबतात आणि आपटतात. योग्य वेळ कोणती, हे चारपाच डावांत उमगू लागते. त्वरण म्हणजे वेगातला बदल, हे वाक्य पाठ न करता.

आता खरा खेळ सुरू होतो. मुलांना नियम बदलू द्या. हेच यान पृथ्वीवर उतरवायचे, तर दर डावाला वेग १० ने वाढेल. पाच चिंचोक्यांच्या मर्यादेत उतरवता येईल का? का नाही? मर्यादा किती ठेवावी लागेल? आणि शेवटी एक प्रश्न जरूर विचारा, आम्ही इथे कुठे लबाडी केली आहे? चंद्रावरचे गुरुत्वत्वरण २ नाही, सुमारे १.६ आहे, आकडेमोड सोपी व्हावी म्हणून आम्ही ते वाढवले. शिवाय इंधन जळाले तरी यानाचे वजन आम्ही तेच धरले. मुले यातली एक जरी लबाडी पकडू शकली, तरी खेळ सफल झाला.

पकडणे सोपे नसते, हे सांगायला एक ताजे उदाहरण आहे. स्टोररचा तो खेळ ५५ वर्षे लोक खेळत होते, त्याच्या नकला करत होते. २०२४ साली एका संगणकतज्ज्ञाने सर्वांत कमी इंधनात यान उतरवायचा प्रयत्न केला. त्याचे गणित आणि खेळाचे उत्तर जुळेना. त्याने मूळ प्रोग्रॅम उघडून पाहिला, तेव्हा एका सूत्रात दोनाने भागायचे राहून गेल्याचे आढळले. प्रोग्रॅम वाचायला मिळाला, म्हणून चूक सापडली. आमच्या माकडाच्या खेळाचा प्रोग्रॅम पेटीत बंद होता. तिथे चूक पकडायला एक खिळा, एक दोरा आणि एका मुलीची शंका लागली.

नागपूरच्या विज्ञान केंद्राला ज्यांचे नाव आहे, ते रमण सरकारी हिशेब खात्यात नोकरीला असताना १९१०च्या सुमारास काही काळ नागपुरात होते. पुढे १९२१ साली युरोपातून बोटीने परतताना त्यांना समुद्राच्या निळ्या रंगाने विचारात पाडले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. रमण यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. त्यातून पाहून त्यांनी पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला, तरी निळाई शिल्लकच होती. तिथून सुरू झालेला शोध २८ फेब्रुवारी १९२८ च्या रमण परिणामापर्यंत गेला. थोरांनी तसे सांगितले असेल, पण पाण्याला विचारून पाहू, एवढीच त्यांची भूमिका होती.

वाडीच्या त्या मुलीनेही एवढेच विचारले होते. तिला आम्ही दिलेले पहिले उत्तर आम्ही मागे घेतले, तेही वर्गासमोर. आता त्या संग्रहालयाला पत्र लिहायचे ठरले आहे. कोनाचा आकडा २० अंशांपुढे जाऊ देऊ नये, किंवा खरे सूत्र घालावे, आणि पडद्याशेजारी एक खराखुरा लंबक टांगावा. पत्र मुलेच लिहिणार आहेत, सोबत पाच वेळच्या मोजणीचा तक्ता जोडणार आहेत.

आपल्या सहलीत असा एखादा पडदा भेटला आणि मुलांनी तो तपासून पाहिला, तर त्यांनी काय मोजले आणि काय निघाले, ते आम्हाला जरूर कळवा.